जावक क्रमांक बारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, नंतर चहा सांडेल. कारण हा घोटाळा मी केला तो कशात? ज्या विषयात अख्ख्या येरवड्यात मला तोड नाही, नेमका त्याच विषयात! तोड नाही हे मी अगदी नम्रपणे सांगतोय हं. आमच्या हिला विचारा. नको, तिला नका विचारू.

विषय म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. फुकट मिळतं ते नव्हे, फुकट तर मिळतंच, पण त्यातली खरी गंमत वेगळी आहे. मी कुणालाही सांगताना चार बोटं पुढे करतो. एक, हवं तसं वापरा. दोन, आत काय लिहिलंय ते उघडून वाचा. तीन, हवं तसं बदला. चार, लोकांना वाटा. ही चार स्वातंत्र्यं! मी ही चार बोटं रिक्षात दाखवली आहेत, दवाखान्यात रांगेत दाखवली आहेत, आणि एका मयतीहून परत येताना सुद्धा दाखवली आहेत. तुम्हाला पुन्हा एकदा दाखवली, कारण यातलं दुसरं बोट पुढे कामाला येणार आहे.

मी सरकारी खात्यात आहे. कुठल्या ते सांगत नाही, उगाच खात्याची बदनामी नको. तीस वर्षं झाली. आमच्या हापिसात सगळ्यांच्या मशीनवर चोरीची सॉफ्टवेअरं होती, तेव्हा मी एकटा बुधवार पेठेतून जुना संगणक जोडून आणून त्यावर लिनक्स चालवत होतो. पत्रं लिब्रेऑफिसमध्ये, टपाल थंडरबर्डमध्ये, गाणी व्हीएलसीवर. हळूहळू मी हापिसातली निम्मी मशीनं बाटवली. शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंचं मशीन मी बदललं तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, “कांबळे, फुकट म्हणताय. मग यात खोट काय आहे?”

“काहीच नाही, बाई.”

“असं कसं? शोधा जरा, सापडेल.”

ह्या जोशीबाई म्हणजे शनिवार पेठ. राहतातही तिथे आणि बोलतातही तशाच. त्यांनाही लक्षात ठेवा.

तर झालं असं, की आमच्या प्रज्ञासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. प्रज्ञा आमची एकुलती एक, सिव्हिल इंजिनियर, डोकं आईचं आणि बोलणंही आईचंच. मी म्हटलं, हे काम मी माझ्या पद्धतीने करणार. म्हणजे कसं? लिब्रेऑफिसमध्ये तक्ता केला. अनुक्रमांक, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, ईमेल, शिक्षण, भेटीचा दिनांक, आणि शेवटी ‘निर्णय’. ‘होकार’ असला की ओळ हिरवी, ‘नकार’ असला की तांबडी. चार महिन्यांत बारा स्थळं झाली. अकरा ओळी तांबड्या झाल्या.

बारावी हिरवी होती.

बारावा मुलगा म्हणजे निखिल गायकवाड. हिंजवडीत नोकरी, राहायला विश्रांतवाडीला. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा कोपऱ्यात त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर काय होतं? लिनक्स! माझा अर्धा होकार तिथेच झाला. प्रज्ञाचा पूर्ण होकार कधी झाला ते मला माहीत नाही, पण येताना गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत उगाचच हसत होती. पोरीला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. बापाला अजून काय हवं?

फक्त त्याचे वडील जरा कडक होते. निवृत्त मुख्याध्यापक. गायकवाड सर म्हणूनच सगळे ओळखतात. अंधश्रद्धेवर त्यांची व्याख्यानं असायची, आणि ऐकणाऱ्याने पाठ टेकली तरी ते थांबून म्हणायचे, “सरळ बसा.” आमचं त्या बाबतीत चांगलं जमलं, कारण आमच्या विहारात फलज्योतिषाविरुद्ध बोलायचं काम गेली दहा वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी आमच्या घरातून पंचांग जे बाहेर गेलं ते पुन्हा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. सर खूष झाले. म्हणाले, “कांबळे, आपले विचार जुळतात. मुलांचे जुळले की कळवा.”

घरी आल्यावर प्रज्ञा म्हणाली, “बाबा, निखिलला माझं मी सांगते. आम्हाला अजून एकदा भेटायचंय. तुम्ही त्यांना काहीही पाठवू नका. प्लीज.”

“मी कशाला पाठवतोय?”

“तुम्ही पाठवता, बाबा.”

बरं, राहिले अकरा. आता नकार कळवायचा. लोक काय करतात? फोन उचलत नाहीत. चार वेळा फोन आला की समोरचा समजतो. मला हे पटत नाही. समोरचा बापही आपल्यासारखाच बाप आहे, त्याला ताटकळत का ठेवायचं? नकार द्यायचा तर लेखी, सन्मानाने आणि जावक क्रमांक घालून. हसू नका. जावक क्रमांक घातला की पत्राला वजन येतं. आणि अकरा पत्रं वेगळी लिहायची गरजच काय? पत्र एकच लिहायचं, तक्ता त्याला जोडून द्यायचा, की लिब्रेऑफिस प्रत्येकाचं नाव-पत्ता घालून वेगवेगळं पत्र तयार करतं आणि ज्याचं त्याला ईमेलने धाडूनही देतं. आपण नुसतं बघत बसायचं. ही सोय मी हापिसात शिकवलेली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिला मसुदा मीच लिहिला. हिला वाचून दाखवला. “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपले चिरंजीव प्रस्तुत प्रयोजनासाठी अपात्र ठरले असून…”

“अहो!” ही भाजी निवडता निवडता थांबली. “हे स्थळ आहे की टेंडर?”

दुसरा मसुदा मऊ करायला गेलो तर तो इतका मऊ झाला की वाचून प्रज्ञा म्हणाली, “बाबा, यात आपण हो म्हणतोय.”

तेव्हा मला जोशीबाई आठवल्या. त्यांनी मुलासाठी दोन वर्षं मुली बघितल्या होत्या, आणि त्यांचं नकाराचं पत्र म्हणजे शनिवार पेठेत नावाजलेलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विषय काढला.

“देते की,” बाई म्हणाल्या. “आमच्या अमेयच्या वेळचं आहे. माझ्या नणंदेने नेलं, शेजारणीने नेलं, त्यांच्या विहिणीने नेलं. आजवर एकाही माणसाने उलट प्रश्न विचारलेला नाही.”

“बदल केले तर चालेल ना?”

“माझ्या बापाचं काय जातंय?”

बघा म्हणजे! वापरा, बदला, वाटा. शनिवार पेठेत मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ डब्याच्या वेळेत चालू होती आणि मला पत्ता नव्हता! माझा ऊर भरून आला. मी तिथल्या तिथे बाईंना चार बोटं दाखवली.

“पेन ड्राइव्ह आणलाय का?” त्या म्हणाल्या. “हात पुसा आधी.”

शनिवारी संध्याकाळी मी कामाला बसलो. पत्र उघडलं. पहिलीच ओळ, “आपल्या कन्येचे स्थळ सर्वार्थाने अनुरूप वाटले.” वा! काय भाषा! काय खानदानी सुरुवात! नकाराचं पत्र असं सुरू होऊ शकतं हे मला साठीला आलो तरी सुचलं नव्हतं. मी लगेच कॉलर ताठ करून पुढच्या कामाला लागलो. कन्येचे चिरंजीव केले. समास सारखे केले. मथळ्यावर आमचं नाव, उजवीकडे जावक क्रमांक, खाली माझी सही स्कॅन करून. प्रत्येक जागी तक्त्यातलं नाव बरोबर बसतंय का ते तपासलं. एक पत्र चाचणीसाठी स्वतःला पाठवलं. आलं! नाव बरोबर, पत्ता बरोबर, सही बरोबर.

वाचलं का, म्हणून विचारताय? अहो, मी तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. समोर आलेला कागद नमुन्याबरहुकूम आहे की नाही एवढं आमची नजर बघते. मजकूर वाचायला वर साहेब असतात. आणि साहेब म्हणतात, खाली कांबळे आहेत.

मग शेवटचं महत्त्वाचं काम. निखिलला पत्र जाता कामा नये. मी तक्त्याला गाळणी लावली. ‘निर्णय: नकार’ तेवढेच दाखव. टिचकी मारली आणि बारावी ओळ गायब! पडद्यावर अकरा तांबड्या ओळी. मी हिला हाक मारून दाखवलं. “बघ, एका टिचकीत.”

“बरं,” ती म्हणाली. “चहा ठेवलाय.”

‘पाठवा’वर बोट दाबलं आणि मी चहाला उठलो. परत आलो तोवर पत्रं गेलेली होती. त्या संध्याकाळी मला स्वतःचाच इतका अभिमान वाटत होता की मी हिला आणि प्रज्ञाला आईस्क्रीम खायला घेऊन गेलो.

रविवारी सकाळी नऊला पहिला फोन. हडपसरचे भालेराव, तक्त्यातले क्रमांक एक.

“जय भीम, कांबळे साहेब.”

“जय भीम, जय भीम! पत्र मिळालं?”

“मिळालं. एक विचारू का? आमच्या पोराची जन्मवेळ तुम्हाला कुणी दिली?”

मला काही कळेना. “जन्मवेळ? कशाला?”

“तेच मी विचारतोय, कशाला?” आणि फोन बंद.

मी हिला म्हटलं, नकार मिळाला की माणूस जरा भ्रमिष्ट होतो. समजून घ्यायला हवं.

सव्वानऊला खडकीचे सोनवणे. ते थेट विषयावर आले. “साहेब, आमच्या मुलाची रास कोणती हो?”

“मला काय माहीत?”

“तुम्हाला माहीत नाही? मग आम्हाला तरी कुठून माहीत असणार? आमच्यात कुणी काढलीच नाही कधी!”

आता मला शंका आली की माझ्या नावाने कुणीतरी भलतंच पत्र पाठवलंय. मी अतिशय शांतपणे सोनवण्यांना समजावलं, की माझ्याकडे लिनक्स आहे, त्यामुळे असं कुणी घुसणं जवळजवळ अशक्य आहे, आणि चार स्वातंत्र्यं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यावर पोचायच्या आत त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यावर पोचलो असतो तर कदाचित माझं मलाच सुचलं असतं!

साडेनऊ ते साडेदहा फोन थांबेना. एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “दादा, तुमच्यासारखा माणूस असं करेल असं वाटलं नव्हतं.” एक गृहस्थ नुसतेच “मंगळ! मंगळ!” असं ओरडून थांबले. आणि अकराला आमच्या विहाराच्या अध्यक्षांचा फोन.

“कांबळे, पुढच्या रविवारचं तुमचं व्याख्यान ठेवायचं ना?”

“म्हणजे काय? ठेवायचंच!”

“नाही, फलकावर ‘फलज्योतिष: एक थोतांड’ असा विषय लिहून झालाय. म्हटलं, तुमचं मत बदललं असेल तर पुसून घेतो.”

माझ्या हातातला फोन गरम झाला होता. डोकं त्याहून गरम झालं होतं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, “अगं, हा काय प्रकार आहे? सगळ्यांना झालंय काय?”

आमची ही उठली, संगणकाशी गेली, चष्मा लावला, आणि माझं पत्र तिने मोठ्याने वाचलं. अख्ख्या घरात ते पत्र पहिल्यांदा कुणीतरी वाचलं ते असं.

“आपल्या चिरंजीवांचे स्थळ सर्वार्थाने अनुरूप वाटले. तथापि आमच्या गुरुजींनी दोन्ही पत्रिका बारकाईने पाहिल्या असता गुण जुळत नसून मंगळाचाही प्रश्न उद्भवतो. ईश्वरेच्छेपुढे आपला इलाज नाही. कळावे, लोभ असावा.”

मी उठून तिच्या खांद्यावरून पुन्हा वाचलं.

ईश्वरेच्छा! गुरुजी! मंगळ! आणि खाली कुणाची सही? माझी! ज्याच्या घरात तीन पिढ्या पंचांग आलं नाही त्याची, स्कॅन करून, सुबक निळ्या शाईत! जोशीबाईंना कुणी उलट प्रश्न का विचारला नाही ते मला आता कळलं. त्यांच्याकडे ह्या एका वाक्यापुढे सगळे गप्प बसतात. आमच्याकडे त्याच वाक्याने सगळे बोलायला लागले होते.

“गुरुजी कोण हो आपले?” हिने विचारलं. चेहरा गंभीर होता, पण खांदे हलत होते.

मी सोफ्यावर बसलो. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. त्या रडवेल्या बाईंचा आवाज कानात होता. सन्मानाने नकार द्यायला निघालो होतो, आणि अकरा घरांत जाऊन त्यांच्या वाडवडिलांनी सोडलेली गोष्ट पुन्हा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो होतो, तीही माझ्या सहीने. पण मी मुळात खचणारा माणूस नाही. मी पाणी प्यायलो आणि म्हटलं, “एक बरं झालं. निखिलला गेलं नाही.”

प्रज्ञा दारात उभी होती. 

“गाळणी लावली होती मी,” मी तिला म्हटलं. “त्याची ओळ गायब झाली होती. आईला विचार. ती साक्षीदार आहे.”

“मी चहा ठेवत होते,” ही म्हणाली.

मी थंडरबर्ड उघडलं. पाठवलेल्या पत्रांची यादी काढली. मोजली. बारा. चष्मा पुसून पुन्हा मोजली. बारा! शेवटचं पत्र: प्रति, श्री. गायकवाड सर. जावक क्रमांक बारा.

आता यात सॉफ्टवेअरची चूक शून्य आहे हे मी ठासून सांगतो. गाळणी लावली की ओळ आपल्याला दिसत नाही, तक्त्यातून जात नाही. पत्र पाठवताना सगळा तक्ता वाचला जातो, लपलेल्या ओळींसकट. हे मीच हापिसात शिकवतो. तिसऱ्या तासाला.

“प्रज्ञा,” मी म्हटलं, “मी आत्ताच्या आत्ता सरांकडे जाऊन पाय धरतो.”

“नको, बाबा. ते संध्याकाळी इकडेच येतायत.”

“इकडे? कशाला?”

“जास्त काही माहीत नाही. सर तुम्हाला पत्र परत द्यायला येतायत म्हणाले.”

ती एवढं बोलून आत गेली, आणि मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. जेवण गेलं नाही. मुलीचं आयुष्य, आणि ते मी एका टिचकीत उडवून टाकलं. ज्या सरांनी अर्धं आयुष्य ज्योतिषाविरुद्ध बोलण्यात घातलं, त्यांच्या मुलाला मी मंगळावर ढकललं! तिचं ते गाडीतलं हसू सारखं आठवत होतं. मी सरांसाठी भाषण तयार केलं. पाच मुद्दे काढले. पाचवा मुद्दा ‘क्षमस्व’ असा होता. हिने चार खोडायला लावले.

सहा वाजता सर आले. मागून निखिल. मी दार उघडलं तर सर नमस्कार करून सरळ खुर्चीत बसले आणि पिशवीतून कागद काढला. माझं पत्र त्यांनी छापून आणलं होतं. आणि तपासून आणलं होतं! लाल पेनने! एका ठिकाणी ‘ईश्वरेच्छा’खाली रेघ आणि बाजूला ‘पुरावा?’ असं लिहिलेलं. ‘गुरुजीं’भोवती गोल आणि ‘पूर्ण नाव लिहा’.

“जावक क्रमांक बारा,” सर म्हणाले. “सदतीस वर्षं शाळेत काढली, पण जावक क्रमांक घातलेला नकार पहिल्यांदाच बघतोय. पद्धत चांगली आहे.”

“सर, मी…”

“बसा. सरळ बसा. कांबळे, मला एकच सांगा. माझ्या मुलाची पत्रिका तुम्ही पाहिलीत कुठे? कारण तो जन्मला तेव्हा दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं. वेळ त्याच्या आईलाही माहीत नाही.”

मी पाचवा मुद्दा सांगायला तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा बाहेर पडलं. टेंडरवाला मसुदा, जोशीबाई, डबा, पेन ड्राइव्ह, गाळणी, आईस्क्रीम. शेवटी म्हटलं, “सर, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण पोरांचं मोडू नका. त्यात पोरीचा काही दोष नाही. मी ते पत्र वाचलंच नव्हतं.”

सरांनी निखिलकडे बघितलं. निखिलने घसा साफ केला.

“काका, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पत्र तुमचं नाही ते. म्हणजे, पीडीएफ आली ना, तिची माहिती उघडून बघितली. सवय आहे मला. आत लेखक म्हणून कुणा सौ. जोशींचं नाव आहे, आणि शीर्षक आहे ‘अमेय नकार अंतिम खरोखर अंतिम’. मग लगेच प्रज्ञाला कॉल केला. सकाळी साडेआठला.”

“साडेआठला?” मी वळून प्रज्ञाकडे बघितलं. “भालेरावांच्या फोनच्याही आधी? तुला सकाळपासून सगळं माहीत होतं?”

“हो,” प्रज्ञा म्हणाली.

“आणि मी दिवसभर इथे येरझाऱ्या घालतोय! जेवलो नाही मी!”

“मी वाट बघत होते, बाबा. म्हटलं, तुम्ही स्वतःहून कधी वाचताय ते बघू. तुमच्या आधी आईने वाचलं.” मग तिने माझ्यासमोर हात धरला आणि चार बोटं उघडली. माझीच चार बोटं! “वापरलंत. बदललंत. बारा जणांना वाटलंत. हे दुसरं बोट कुठे गेलं?”

आमची ही स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसणं कुकरच्या शिट्टीच्या वर ऐकू येत होतं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं, पत्राच्या खाली ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “मुलांनी त्यांचं कालच ठरवलंय. आपल्याला विचारतील अशी वेडी आशा मीही ठेवली होती. चहा मिळेल का?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं. मी ते चष्मा पुसण्यात दडवलं, पण प्रज्ञाने बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

त्यानंतर अकरा घरी मी स्वतः पत्रं लिहिली. हाताने. बाराव्याची गरज उरली नव्हती. त्यात सरळ लिहिलं, की मुलीला दुसरा मुलगा पसंत पडला, आधीचं पत्र माझ्या निष्काळजीपणाने गेलं, आणि आमच्या घरात पत्रिका नाही, गुरुजी नाहीत, मंगळ तर नाहीच नाही. सरांनी ती सगळी तपासून दिली. भालेरावांचा लगेच फोन आला, म्हणाले, “हे आधीच सांगायचं होतं की, साहेब. यात लपवण्यासारखं काय आहे?” त्या रडलेल्या बाईंनी तर लग्नाला येते म्हणून सांगितलं. विहारातलं व्याख्यानही झालं. अध्यक्षांनी फक्त विषय बदलला होता. फलकावर लिहिलं होतं, ‘वाचनाचे महत्त्व’.

आता तुम्ही म्हणाल, चला, संपलं, माणूस शहाणा झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात जोशीबाईंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “मुहूर्त कधीचा?”

“आमच्यात मुहूर्त नसतो, बाई.”

“मग तारीख कशी काढली?”

“हॉल रिकामा होता ती.”

“आमचीही तशीच काढली होती, गुरुजींना नंतर सांगितलं,” बाई म्हणाल्या. “लग्नाच्या आमंत्रणाचा मजकूर हवाय का? आमच्या अमेयचा आहे तयार. भाषा चांगली आहे.”

भाषा चांगली असते हो त्यांची, त्याला काय करणार? मी घेतला. पण या वेळी वाचला! अक्षर न् अक्षर वाचला. एकदा नव्हे, तीनदा. डोळ्यांत तेल घालून. वरचा ‘श्री गजानन प्रसन्न’ काढला. कुलदेवता काढली. मुहूर्त काढून सायंकाळी सहा घातले. ‘ईश्वरकृपेने’ एका कोपऱ्यात दडून बसलं होतं, तेही शोधून काढलं. ‘आमचे सुपुत्र’ काढलं, वधूच्या जागी ‘आमची सुकन्या’ म्हणून प्रज्ञाचं नाव घातलं, आमची दोघांची नावं घातली, हॉलचा पत्ता घातला. अख्ख्या मजकुरात आता एक ग्रह शिल्लक नव्हता. कुणाला पाठवायची घाई केली नाही. एकच प्रत छापली आणि स्वतः विश्रांतवाडीला जाऊन सरांच्या हातात दिली. म्हटलं, “सर, काढा चूक. एक जरी निघाली तरी संगणक विकून टाकतो.”

सरांनी चष्मा लावला. शांतपणे वरून खालपर्यंत वाचलं. दोनदा मान डोलावली. मी सरळ बसलो होतो. मग त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं, एका ठिकाणी गोल केला, बाजूला काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

गोल नवऱ्या मुलाच्या नावाभोवती होता. चि. अमेय. आणि बाजूला दोनच शब्द होते: “हा कोण?”